शेवाळाला पाणी घालू नका

काचेच्या बरणीत जंगल लावायची हौस आता आमच्या संकेश्वरापर्यंत पोचली आहे. बेळगावातल्या नाहीतर कोल्हापुरातल्या दुकानातून बरणी येते. तळाला खडे आणि कोळसा, वर दोन मुठी माती, आणि मातीवर आंबोलीच्या दरडीवरून खरवडून आणलेला शेवाळाचा हिरवागार तुकडा. आठवडाभर सगळं घर बरणीभोवती. मग तुकडा पिवळा पडतो, तपकिरी होतो, वर पांढरी बुरी येते आणि कुणीतरी ती बरणी उचलून माझ्याकडे घेऊन येतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि त्यातही शेवाळाच्या नादी लागले, हे गावाला माहीत आहे. येणाऱ्या प्रत्येकाचं वाक्य ठरलेलं: "बाई, रोज न चुकता पाणी घालत होतो हो."

घात तिथंच झालेला असतो.

शेवाळाला मुळं नसतात. बुडाशी तपकिरी केस दिसतात, ते दगडाला किंवा सालीला धरून राहण्यापुरते. पाणी आणि क्षार अंगानंच आत जातात, आणि पान बहुतेक जातींत एका पेशीच्या जाडीचं. पाणी साठवायला जागा नाही, अडवायला जाड कातडी नाही. हवा दमट असली की शेवाळ ओलं, हवा कोरडी झाली की तेही कोरडं. आंब्याचं किंवा पेरूचं झाड असं कोरडं पडलं तर मेलंच. शेवाळ मात्र सगळे व्यवहार बंद करून पडून राहतं. अंटार्क्टिकाजवळच्या साइनी बेटावर बर्फात गाडलं गेलेलं दीड हजार वर्षांपूर्वीचं शेवाळ प्रयोगशाळेत पुन्हा फुटलं, ते संशोधन 2014 साली प्रसिद्ध झालं. तेव्हा तहानेनं ते सहसा मरत नाही.

मरतं ते अवेळी भिजण्यानं. ओलं झाल्याशिवाय त्याला अन्न तयार करता येत नाही, पण ओलं झालं की खर्चही सुरू होतो. कोरडेपणी पेशींची आवरणं विस्कटलेली असतात, ती आधी दुरुस्त करावी लागतात. या डागडुजीत साठवलेली साखर जाते. नंतर चांगला वेळ ओलावा आणि उजेड दोन्ही मिळाले तर ती भरून निघते आणि वर शिल्लकही पडते. दुपारी बाटलीनं फवारा मारला आणि अर्ध्या तासात उन्हानं सगळं वाळलं, तर डागडुजीचा खर्च तेवढा झाला, कमाई शून्य. असं रोज केलं की हिशेब सरळ आहे.

अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटी भागात याची परीक्षा झाली आहे. सिंट्रिकिया कॅनिनर्व्हिस नावाचं तिथलं शेवाळ उन्हाळाभर वाळून पडलेलं असतं. संशोधकांनी उन्हाळ्यात त्यावर वारंवार छोट्या सरी पाडल्या, एका वेळी फक्त 1.2 मिलिमीटर. एका हंगामात जमिनीवरचं त्याचं आच्छादन सुमारे 25 टक्क्यांवरून 2 टक्क्यांच्याही खाली आलं. शेजारच्या वाफ्यांत नुसतं तापमान वाढवून पाहिलं, त्यानं काही बिघडलं नाही. 2012 साली या प्रयोगावरचा निबंध आला तेव्हा मला आमच्याकडच्या बरण्या आठवल्या.

बरणीत आणखी एक गोष्ट घडते. ती बंद असते, त्यामुळे शेवाळ रात्रंदिवस ओलं. रात्री उजेड नाही, म्हणजे कमाई नाही. श्वसन मात्र चालूच, आणि जितकं गरम तितकं जोरात. आंबोलीच्या पावसाळी रात्री गार असतात, तिथं हा रात्रीचा खर्च परवडतो. एप्रिलमध्ये आमच्या स्लॅबखालच्या खोलीत बरणी रात्रभर गरमही राहते आणि ओलीही, आणि शेवाळ उपाशी मरतं. उष्ण कटिबंधातल्या सखल, गरम जंगलांत शेवाळ त्या मानानं थोडं, आणि डोंगरावरच्या धुक्याच्या जंगलांत झाडंच्या झाडं त्यानं मढलेली, याचं एक मोठं कारण हेच सांगितलं जातं.

हे सगळं पुस्तकाशिवाय बघायचं असेल तर संकेश्वरसारखं गाव नाही. इथून गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीचा रस्ता धरला की ऐंशीएक किलोमीटरच्या आत आपण कोरड्या पठारावरून वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या कड्यावर पोचतो. गावाजवळून वाहणारी हिरण्यकेशीही तिथूनच निघते. तिच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात, शिस्टुरा हिरण्यकेशी हा नवा मासा सापडला आणि 2021 साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आंबोलीला रात्री विजेऱ्या घेऊन बेडूक आणि चापडे साप शोधणारे हल्ली खूप दिसतात. चापडा ज्या फांदीवर बसलाय त्या फांदीवर काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

संकेश्वरच्या बाजूला सुरुवात आंब्यापासून करावी. म्हाताऱ्या आंब्याच्या सालीवर पावसाळ्यात एक बारीक, सालीला चिकटून पसरणारं शेवाळ मिळतं, एर्पोडियम. त्याच्या एका जातीच्या नावातच आंबा आहे: एर्पोडियम मँजिफेरी. पानाला मधली शीर नाही, वाळल्यावर ते करड्या डागासारखं दिसतं आणि लोक त्याला सालीचा रोग समजतात. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींवर, विहिरीच्या कठड्यावर, विटांवर हायोफिला असतं. ओलं असताना पानांची उघडी चांदणी. वाळलं की कडा आत वळून प्रत्येक पानाची नळी होते. भिंतीवर तोंडानं पाण्याची चूळ मारावी आणि बघावं, मिनिटाभरात चांदण्या उघडतात. शंकरलिंगाचं देऊळ, वल्लभगडाचा तट, नाहीतर आपल्याच परसातली मोरी, कुठंही सुरुवात करता येते. आजऱ्याच्या पुढं झाडांची खोडं हिरवी व्हायला लागतात. आंबोलीत रस्त्यासाठी कापलेल्या दरडीवर पोगोनॅटम, झिरपत्या कातळावर फिलोनोटिस, खोडांवर मॅक्रोमिट्रियम, आणि ओढ्याकाठच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या झिपऱ्या. घाट उतरून बांद्याकडं गेलं की पुन्हा पात्रं बदलतात. माडाच्या खोडावर पांढुरकं ऑक्टोब्लेफॅरम दिसतं. त्याच्या पानात हिरव्या पेशींच्या खाली-वर रिकाम्या पेशींचे थर असतात, म्हणून तो फिका रंग. गरम किनारपट्टीवर मजेत जगणारं हे शेवाळ, वर सांगितलेल्या नियमाला थोड्या वाकुल्या दाखवणारं.

ओळखायला शिकायचं तर आधी शेवाळ नसलेलं बाजूला काढावं लागतं. ज्यावरून आपण अंगणात घसरून पडतो तो बुळबुळीत थर बहुतेक वेळा शैवालांचा, म्हणजे अल्गींचा, आणि निळ्या-हिरव्या जिवाणूंचा; बदनाम शेवाळ होतं. मसाल्यात घालतो ते दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी, तेही शेवाळ नव्हे. झाडाच्या सालीवरचा नारिंगी मखमली थर पुन्हा शैवालच. नर्सरीत 'मॉस' म्हणून जे नाजूक, पिसासारखं झुडूप विकतात ते बऱ्याचदा सिलाजिनेला असतं, नेच्यांच्या नात्यातलं, अंगात नीट शिरा असलेलं. त्याला रोज पाणी घाला, ते खूश राहील.

सगळ्यात फसवे ते यकृतकांतले (लिव्हरवर्ट, शेवाळाची भावकी) पानवाले. आंबोलीच्या खोडांवर काळपट तांबूस जाळी दिसते ती फ्रुलानिया. शेवाळच वाटतं, पण पानाला शीर कधीच नसते आणि पानाच्या खालच्या बाजूला पाणी धरणारी इवलीशी पिशवी असते. यकृतकांच्या बीजाणूंच्या बोंडाचा दांडा काचेसारखा पांढरा आणि लुसलुशीत. बोंड चार पाकळ्यांत फाटतं आणि दोन दिवसांत सगळं लोळतं. शेवाळाचा दांडा तारेसारखा ताठ, महिनोन्महिने टिकणारा. इतकं कळलं तरी निम्मं काम झालं. घाटातल्या अंधाऱ्या कपारींत सायथोडियम नावाचं यकृतक असतं, त्यावर तिरपा उजेड पडला की ते सोनेरी हिरवं चमकतं. त्याला स्वतःचा उजेड नाही, आलेला परत फेकतं एवढंच. पण पहिल्यांदा पाहणारा माणूस हे ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नसतो.

पुढच्या ओळखीला सोनाराकडं असतं तसं दहापट भिंग पुरतं. ते डोळ्याला चिकटवायचं आणि शेवाळ भिंगाजवळ आणायचं. लोक उलटं करतात. पानं दोनच ओळींत, सपाट, आणि प्रत्येक पानाचं बूड दुभंगून पुढच्या पानाला कवेत घेतलेलं असेल तर फिसिडेन्स, शंकाच नको. जात कोणती ते मात्र सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगता येत नाही, आणि फोटोवरून जातीचं नाव सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. पेशींवर बारीक उंचवटे आहेत का, कडेच्या पेशी लांब आहेत का, या गोष्टी फोटोत येत नाहीत.

आणि बोंडं. दिवाळीच्या सुमाराला, पाऊस मागे सरला की आमच्याकडच्या बऱ्याच शेवाळांची बोंडं पिकायला लागतात. टोपी गळाली की तोंडाशी दातांचं कडं दिसतं. फ्युनारियाला दोन कडी, प्रत्येकात सोळा दात, पोगोनॅटमला बत्तीस बोथट दात, ऑक्टोब्लेफॅरमला आठच, हायोफिला बोळकं. पिकलेल्या फ्युनारियाचं बोंड भिंगाखाली धरून त्यावर हलका श्वास सोडा. दमट हवेनं दात वळतात, कोरड्या हवेत पुन्हा हलतात, आणि त्या हालचालीत बीजाणू थोडे थोडे बाहेर पडतात. शाळेतल्या मुलांना मी आधी हे दाखवते. वर्गीकरण नंतर.

या भागातल्या शेवाळांची पहिली व्यवस्थित नोंद एका मुलकी अधिकाऱ्यामुळे झाली, याचं मला अजून नवल वाटतं. एल. जे. सेजविक हे मुंबई इलाख्यातले आयसीएस. कचेरी सांभाळून ते वनस्पती गोळा करत. त्या काळी कारवारचा, म्हणजे कानडा जिल्हा आणि आमचा बेळगाव, दोन्ही मुंबईकडं. शेवाळांच्या पुड्या इंग्लंडात नॉर्दम्प्टनला ह्यू नेव्हिल डिक्सन यांच्याकडे जात, आणि 1921 साली डिक्सन यांचा कानडा जिल्ह्यातल्या शेवाळांवरचा लेख जर्नल ऑफ इंडियन बॉटनीत आला. ब्रायोसेजविकिया या प्रजातीच्या नावात सेजविक आहेत. पुढं पळणीच्या डोंगरातल्या शेवाळांवर फादर फोरो यांनी 1961 साली लिहिलं, आणि कलकत्त्याच्या गांगुलींचा पूर्व भारतातल्या शेवाळांवरचा ग्रंथ 1969 ते 1980 या काळात भागाभागानं निघाला. सह्याद्रीतली पुडी उघडून पूर्व भारताच्या ग्रंथात तिचं नाव शोधायचं, हा उद्योग माझ्या पिढीनं बराच केला. शिवाय आमच्या भागात एकाच नदीकाठचं शेवाळ गोळा करायचं तर दोन राज्यांच्या वनखात्यांची परवानगी लागते, ती गोष्ट वेगळीच.

आता जपण्याबद्दल, कारण बरणीवाले शेवटी तेच विचारतात. आंबोलीचं शेवाळ संकेश्वरात जगवायचा नाद सोडा. आपल्याच भिंतीवरचं, कुंडीवरचं घ्या: हायोफिला, ब्रायम, फ्युनारिया. यांना आपला उन्हाळा ठाऊक आहे. जांभ्याचा किंवा भाजक्या विटेचा तुकडा उत्तरेकडच्या सावलीत ठेवा, त्यावर शेवाळ दाबून बसवा, खाली पोकळी राहू देऊ नका. पाणी पावसाचं, साठवलेलं. बोअरचं पाणी नको. आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड, ते वाळलं की पानांवर क्षारांची पांढरी साय धरते. खत अजिबात नको. पाणी घालायचं तर सकाळी, गार हवेत, आणि भरपूर, म्हणजे दोन-तीन तास ओलावा टिकेल असं. रात्री कोरडं असलेलं बरं. मार्च ते मे काहीच करू नका. ते करपल्यासारखं दिसेल, दिसू दे. शेवाळ आणि ताक मिक्सरमधून काढून भिंतीला लावायची एक युक्ती सगळीकडं फिरते. त्यानं बुरशी उत्तम येते. ताक जेवणात प्यावं.

जंगलातलं शेवाळ जपायचं म्हणजे ते ज्यावर आहे ते जपायचं. नैनितालजवळ खुर्पातालला उत्तराखंडच्या वनखात्यानं 2020 मध्ये शेवाळांचं उद्यान केलं, तेही शेवाळ जिथं आपसूक येतं अशा दमट डोंगरात. डेहराडूनच्या चौकात नव्हे. आपल्याकडं संकेश्वर-बांदा रस्ता रुंद झाला, कडेची जुनी झाडं गेली. बदली रोपं लावतात, पण रोपाची साल गुळगुळीत असते, तिच्यावर सावली नसते, आणि म्हाताऱ्या खोडावरची वस्ती तिथं यायला एक पिढी जाते. देवळांच्या दगडांना ऑइलपेंट फासतात तेव्हाही तेच. भिंत शेवाळानं फुटते म्हणून खरवडायला निघालेल्यांना मी सांगते, फोडतो तो पिंपळ, शेवाळाला मुळंच नाहीत. अर्थात शेवाळानं धरलेल्या ओल्या मातीत पिंपळाचं बी रुजतं, हेही खरं. तेव्हा पिंपळ कोवळा असतानाच उपटा आणि शेवाळ राहू द्या.

आपल्या परसातलं शेवाळ माझ्याकडं आणायचं असेल तर बरणीत, प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, कुजतं. कागदाची पुडी करा, वाण्याकडं असते तशी. दाबू नका, वाळू द्या. पुढं पाणी घातलं की पानं पुन्हा आपल्या आकारात येतात. पुडीवर तारीख लिहा, दगड की साल की माती ते लिहा, साल असेल तर कोणत्या झाडाची, आणि उन्हाची बाजू की सावलीची. नुसतं 'आंबोली' लिहिलेल्या पुड्या माझ्याकडं पुष्कळ आहेत.