बिननावाची पुडी

त्या पुडीवर नाव नव्हतं. साधा पांढरा कागद, आत तपकिरी भुकटी आणि सोबत तोंडी हमी: "शुद्ध वनस्पती आहे ताई, साइड इफेक्ट शून्य." पावती नाही, घटकांची यादी नाही. याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

बुंदी आमची लॅब्राडॉर. या जातीला त्वचेच्या ॲलर्जीची खोड असतेच. सतत पंजे चाटणं, काखेत आणि पोटावर लाल चट्टे, कानाला आंबूस वास. ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पिसवा-गोचिडांचा बंदोबस्त झाला. किमान 8 आठवडे पाळायचा आहारबदलही करून झाला, चिकन-दूध-गहू सगळं बंद. खाज तशीच. घरातल्या धुळीतले माइट्स आणि परागकण, असं निदान झालं. पुण्यात आमच्या भोवतीचे मोकळे प्लॉट गाजर गवताने भरलेले, त्यामुळे ते पटलंही. पण "हे आयुष्यभर सांभाळावं लागेल" हे वाक्य पचत नाही. तेव्हाचे आमचे डॉक्टर पाच मिनिटांत इंजेक्शन देऊन मोकळे व्हायचे. त्यातून कुणीतरी एका वैद्यांचं नाव सुचवलं.

ते तासभर बुंदीजवळ जमिनीवर बसले. पंजांची बोटं उलगडून पाहिली, ती कुठे झोपते, लादी कशाने पुसता, सगळं विचारलं. "डॉक्टर लोक स्टेरॉइड टोचतात, त्याने लिव्हर जातं," असं म्हणाले आणि पुडी दिली. सकाळ-संध्याकाळ, मधातून.

गुण अगदी लगेच आला. कित्येक महिन्यांनी ती रात्रभर शांत झोपली आणि घरात सणासारखा आनंद झाला. मग तिची तहान वाढली. पाण्याचं भांडं दिवसातून किती वेळा भरायचं याला धरबंध राहिला नाही. घरात कधी न करणारी बुंदी रात्री हॉलमध्ये लघवी करू लागली. भूक राक्षसी, पोट सुटलेलं, पाठीवरचे केस विरळ. वैद्य म्हणाले, "विष बाहेर पडतंय."

पुढे ते गावी गेले आणि पुड्या संपल्या. दोन दिवसांत तिने अन्न सोडलं, उलट्या सुरू झाल्या, मागचे पाय धरेनात. नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हिला स्टेरॉइड कधीपासून चालू आहे?" आम्ही ठामपणे म्हणालो, काहीच नाही, फक्त आयुर्वेदिक. त्यांनी रक्त घेतलं, एसीटीएचचं इंजेक्शन दिलं, तासाभराने पुन्हा रक्त घेतलं. निरोगी कुत्र्यात त्या इंजेक्शनने कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, वर उसळतं. बुंदीचं जागचं हललं नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मेंदूकडून ॲड्रिनल ग्रंथींना जाणारा हुकूम थांबतो आणि त्या आक्रसतात; मग पुरवठा एकदम तुटला की शरीराकडे स्वतःचं काही उरत नाही. दुसरं कोणतंही औषध तिच्या पोटात जात नव्हतं. बाहेरून येणारी वस्तू एकच होती.

तिला वाचवायला काय दिलं? प्रेडनिसोलोन. तेच, पण मोजून आणि हळूहळू कमी करत. म्हणून माझं भांडण स्टेरॉइडशी नाही. स्वस्त, उपयोगी औषध आहे ते. ज्याची भीती घालून मला डॉक्टरांपासून तोडलं, तेच मला न सांगता माझ्या हाताने तिला भरवलं, हा तो अन्याय आहे.

मी कायदा पाहिला. 1940 च्या औषध कायद्यात आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येत माणसांबरोबर प्राणीही आहेत. पण स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनवणाऱ्या वैद्य-हकिमांना परवान्यातून सूट आहे. 1984 च्या कायद्याने पशुवैद्यकी नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायची आहे, हेही खरं. घरोघरी जाणाऱ्या पुडीपर्यंत यातलं काय पोहोचतं? जनावर तर बोलूही शकत नाही. पुडीवर नाव नसेल तर घेऊ नका, एवढंच मी सगळ्यांना सांगते. टी ट्री ऑइलसारखी तेलंही 'नैसर्गिक' म्हणून लावू नका. कुत्र्या-मांजरांना ती विषारी ठरतात.

तरी सगळे पर्यायी उपाय मी मोडीत काढत नाही. बुंदीला आज ऑक्लासिटिनिबची गोळी आहे, सोबत माशाचं तेल. ते पुरेसे दिवस दिलं तर औषधाची मात्रा कमी करायला मदत होते. अंथरूण दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, त्याने माइट्स मरतात, हा सल्ला त्या वैद्यांचाच होता आणि तो बरोबर होता. शिवाय पूर्वीच्या डॉक्टरांनी 'खाजेचं इंजेक्शन' म्हणून जे टोचलं, त्याचं नाव तरी त्यांनी कुठे सांगितलं होतं? ते नाव विचारायला मी आता कुणालाच सोडत नाही.

मागच्या गल्लीतल्या काकूंच्या पॉमेरेनियनला तीच पुडी चालू आहे. मी बुंदीचे रिपोर्ट नेऊन दाखवले. "पण गुण येतोय गं," त्या म्हणाल्या. गुण येणारच, त्यात स्टेरॉइड असेल तर. बंद करा म्हणायचीही भीती वाटली. "काकू, एकदम थांबवू नका, आधी डॉक्टरांकडे न्या," असं सांगून त्यांना नंबर लिहून दिला.