इंदूरची थंडी आणि आत्याची शेगडी

इंदूर म्हटले की आपल्याकडच्या मंडळींना राजवाडा आठवतो, अहिल्याबाई आठवतात, सराफ्यातली खाऊगल्ली आणि शेव आठवते. थंडी कोणालाच आठवत नाही. मलाही आठवली नाही. जानेवारीत आत्याकडे जायचे ठरले तेव्हा एक स्वेटर आणि एक शाल एवढ्यावर मी निघाले. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आणि इंदूर साडेपाचशेवर, तेव्हा आपलेच गाव जास्त थंड, असा माझा हिशेब होता.

पुण्याहून रात्रभर प्रवास करून सकाळी इंदूरच्या फलाटावर उतरले आणि हिशेब चुकल्याचे दातांनीच सांगितले. उंचीपेक्षा अक्षांश मोठा, हे शाळेत शिकलेले विसरले होते. कर्कवृत्त इंदूरच्या थोडे उत्तरेकडून जाते. इथे समुद्र जवळ नाही, हवा कोरडी, रात्रीचे आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर थंड होते आणि त्यात उत्तरेचा वारा आला की पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. गंमत म्हणजे दुपारी उन्हात स्वेटर नकोसा होतो. ही थंडी सूर्य मावळल्यावर घरात शिरते आणि सकाळी नऊपर्यंत पाहुण्यासारखी बसून राहते.

आत्याचे घर रामबागेच्या बाजूला, जुन्या मराठी वस्तीत. 1818च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि तिच्या मागोमाग मराठी कारकून, भिक्षुक, वैद्य, शिक्षक येत राहिले. काकांचे पूर्वज त्यातलेच. आत्या मात्र आमच्या बेळगावची. लग्न होऊन आली त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. शेजाऱ्यांशी हिंदी, घरात इंदुरी मराठी आणि माझ्याशी, मुलाला कळू नये असे काही असले की, कन्नड.

घर उन्हाळ्यासाठी बांधलेले. एप्रिल-मे महिन्यांत इथे चाळिशी ओलांडते, तेव्हा बांधणाऱ्याने शहाणपणाने उंच छत केले, वर कवेलू घातले (आपण कौले म्हणतो ती), भिंतीत वरच्या बाजूला झरोके ठेवले. गरम हवा वर जाऊन निघून जावी, ही योजना. हिवाळ्यात तीच योजना उलटते. खोलीत काहीही पेटवा, ऊब सरळ वर जाते आणि कवेलूंच्या फटींतून बाहेर पडते. खाली बसलेल्याच्या पायाला फरशी बर्फासारखी लागते. राजवाड्याच्या खालच्या तीन मजल्यांना दगडाच्या जाड भिंती आहेत, त्या दिवसाची ऊब थोडी तरी धरून ठेवत असतील. साध्या माणसाच्या विटांच्या भिंतीला ते कुठून जमावे!

काका ऐंशीच्या घरात, मधुमेह जुना, पायांची जाणीव कमी झालेली. डॉक्टरांनी गारठ्यापासून सांभाळा म्हणून बजावले होते. आतेभावाने मागच्या खोलीची सोय केली. त्या खोलीवर स्लॅब आहे. त्याने झरोक्यांना पुठ्ठे ठोकले, खिडकीला सरकत्या काचा बसवल्या, दाराखाली जुनी सतरंजी गुंडाळून लावली. काम चांगले झाले होते. पण मग आत्याने आपल्या रीतीप्रमाणे त्या खोलीत कोळशाची शेगडी नेली.

शेगडी तिच्या सासूबाईंच्या वेळची. अंगणात पेटवायची, धूर गेला, निखारे लाल झाले की घरात आणायची. पन्नास वर्षांत कधी काही झाले नाही. त्या रात्री मात्र तिचे डोके जड झाले, मळमळू लागले. काका हाक मारली तरी नीट उत्तर देईनात. ती दार उघडून बाहेर आली म्हणून बरे. हे तिने मला दुसऱ्या दिवशी पोहे निवडता निवडता सांगितले आणि पुढे म्हणाली, "अवंग हेळब्याड."

मी सांगितले. त्यावरून ती दोन दिवस माझ्यावर रुसली, तरी सांगितलेच.

धूर नसलेला निखारा निर्धोक, हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज आहे. धूर दिसतो तरी. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो आणि माणसाला झोप येते आहे एवढेच वाटते. उत्तर भारतात दर हिवाळ्यात दार-खिडक्या लावून शेगडीजवळ झोपलेली कुटुंबे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या येतात. आत्याची पन्नास वर्षे सुखरूप गेली ती कवेलूंच्या फटींमुळे. ज्या फटींना ती रोज नावे ठेवायची त्यांनीच तिला सांभाळले होते. मुलाने फटी बुजवल्या आणि शेगडीचा स्वभाव बदलला.

आता प्रश्न उरला, ऊब आणायची कशी? घर काकांच्या पेन्शनवर चालते. आतेभावाने आधीच एक दोन हजार वॉटचा ब्लोअर आणला होता. तो त्याने पुढच्या खोलीतल्या साध्या प्लगात, एक्स्टेन्शन बोर्ड लावून चालवला आणि तासाभरात प्लग काळा पडला. दोन हजार वॉट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. जुने प्लग पाच अँपिअरचे. वायरिंग तर त्याहून जुने. मग दुकानदाराने तेलाचा हीटर सुचवला, किंमत दहा हजारांच्या आसपास. तो वीज वाचवतो, असे त्याचे म्हणणे.

मी विज्ञान शिकवत नाही, पण आमच्या स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राची माणसे आहेत. एकाला फोन केला. तो म्हणाला, "तेल असो, पंखा असो की कांडी, एक युनिट विजेतून सगळे सारखीच उष्णता देतात. कमी विजेत जास्त ऊब हवी तर गरम हवा देणारा एसी घ्यावा लागेल, तो बाहेरची उष्णता आत ओढतो. पण महाग. तुम्ही खोली तापवताच कशाला? माणूस तापवा."

हे वाक्य मला पटले. कांडीचा हीटर, म्हणजे लाल होणारी नळी आणि मागे चकचकीत पत्रा, हवेला फारसे विचारत नाही. समोरच्या माणसावर सरळ ऊब टाकतो, उन्हासारखी. छत गळके असले तरी त्याला फरक कमी. दीड हजाराच्या आतबाहेर मिळतो. आम्ही कागदावर मांडून पाहिले. युनिटचा दर सोयीसाठी आठ रुपये धरला. ब्लोअर रोज चार तास चालला तर आठ युनिटे, दोन महिन्यांत चारशे ऐंशी युनिटे, रुपये तीन हजार आठशे चाळीस. आठशे वॉटची कांडी रोज दीड तास, दोन महिन्यांत बहात्तर युनिटे, रुपये पाचशे शहात्तर. काकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

कांडीपासून पांघरूण तीन हात लांब ठेवायचे आणि झोपण्याआधी ती बंद करायची, हे ठरले. इलेक्ट्रिक ब्लँकेटचा विचार मात्र सोडला. गरम पाण्याची पिशवीही काकांच्या पायाला नुसती लावायची नाही. ज्या पायाला चटका कळत नाही त्याला भाजलेलेही कळत नाही. पिशवी टॉवेलात गुंडाळून अंथरुणात आधी पंधरा मिनिटे ठेवायची आणि काका आडवे झाले की काढून घ्यायची. फरशीवर दोन सतरंज्या. डोक्याला कानटोपी, तीही रात्रभर. कानटोपीला काकांनी सर्वांत जास्त विरोध केला.

पांघरुणाचे काम राहिले होते. इंदूरची कापसाची रजाई उबदार खरी, पण काकांना ती जड होते, कूस बदलता येत नाही. मला घोंगडीची आठवण झाली. होळकर मूळचे धनगर, नीरेकाठच्या होळ गावचे, आणि त्यांच्याच शहरात मी बाजारभर हिंडले तर दुकानदार नायलॉनचे रंगीत ब्लँकेट दाखवत होते. असो. घोंगडी टोचते, हेही खरे आहे.

निघायच्या आदल्या रात्री आतेभाऊ सराफ्यात घेऊन गेला. सोन्याची दुकाने बंद झाल्यावर त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याचे गाडे लागतात. हिवाळ्यात मान गराडूचा. हा एक कंद, तळून वर मसाला आणि लिंबू पिळून देतात. कढईतले घट्ट दूध पिताना हात आपोआप गरम झाले. परत आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. मागच्या खोलीत कांडी बंद होती, काका कानटोपीसह झोपले होते आणि शेगडी अंगणात उपडी घालून ठेवली होती.

सकाळी आत्याने रुसवा सोडला. म्हणाली, "शेगडी अंगणातच पेटवीन, त्यावर गराडू भाजीन. पण तू पुढच्या खेपेला दोन कौद्या घेऊन ये. जुन्या लुगड्यांच्या, आईच्या हातच्या टाक्यासारख्या. हलक्या असतात त्या." आईच्या हातची एक कौदी आमच्या माळ्यावर अजून आहे. दुसरी शिवणारी बाई शोधायला हवी.