चाकांवरचे घर आणि मसूरची वाट

विट्यात यंत्रमागाच्या खडखडाटात दिवस उजाडतो आणि मावळतो. पाळीवर जाणाऱ्या आमच्यासारख्या घरांना प्रवास म्हणजे एसटी, नाहीतर चार घरांनी मिळून केलेली भाड्याची गाडी. मुक्कामाचा प्रश्न आला की खर्च हाताबाहेर जातो. म्हणून आम्ही ठरवले, एक जुनी ओम्नी घ्यायची आणि तिच्यातच निजायची, रांधायची सोय करायची.

ही कल्पना काही आमची नव्हे. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात मोटारीमागे जोडायच्या छोट्या गाड्या निघाल्या. आकार पाण्याच्या थेंबासारखा. आत दोघांपुरते अंथरूण आणि मागचे झाकण उचलले की स्वयंपाकाचा ओटा. आपल्याकडे अशी जोडगाडी घ्यायची तर तिची नोंदणी वेगळी, आणि ओढायला दमदार मोटार हवी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण तसली गाडी मागावरच्या पगारात बसत नाही. ओम्नीचे मागचे दार मात्र वरच उघडते. तेच आमचे झाकण!

ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले, त्यामुळे जुनीच गाडी पाहावी लागते. घेताना रंगाला भुलू नये. आरसी बुकावरचा चेसी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहावा. कर्जाचा बोजा उतरला आहे का, विमा व पीयूसी चालू आहे का, हे विचारावे. नोंदणीला पंधरा वर्षे झाली असतील तर ती वाढवून घेतलेली हवी. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी आपल्या नावावर केल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असे समजू नये.

गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याची मनाई आहे. म्हणून आम्ही काही कापले नाही, वेल्डिंग केले नाही. आठ आसनी ओम्नीत मागच्या दोन सीटा समोरासमोर असतात. मधल्या पाय ठेवायच्या जागेवर बसतील अशा प्लायवुडच्या फळ्या सुताराकडून करून घेतल्या. रात्री फळ्या टाकून वर वाकळ अंथरली की पलंग तयार. बायका-मुले आत, पुरुष माणसे बाहेर ताडपत्रीखाली. खिडक्यांना विट्याच्याच कापडाचे पडदे. मागे एक लाकडी पेटी, तिच्यात पिठामिठाचे डबे आणि भांडी. ब्रेक लागला की पेटी पुढे येते, म्हणून ती पट्ट्याने आवळावी. शेगडी मात्र गाडीत कधी पेटवू नये. गाडीत पेट्रोल असते आणि कोंडलेल्या जागेतला धूर झोपेतच जीव घेतो. झोपताना खिडकीची फट उघडी ठेवावी.

आम्ही पडद्यांच्या रंगावर वाद घालत होतो, तेव्हा आमच्या आत्या म्हणाल्या, "आधी पाण्याचं बघा. भाकरी असून उपाशी निजलेली पोरं ठावं हायत न्हवं?"

सगळे गप्प झाले. ती कोणती पोरे, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. १९०१ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांचे बाबासाहेब, त्यांचे थोरले बंधू आणि दोन भाचे साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरले. वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावला नोकरीवर होते. पत्र वेळेवर न पोहोचल्याने न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच बैलगाडीवाला नकार देऊ लागला. अखेर दुप्पट भाडे घेऊन तो पायी चालला आणि गाडी मुलांनी हाकली. रात्री टोलनाक्याजवळ बैल सोडले, गाडीतल्या फळ्यांवर अंथरुणे घातली. शिदोरी भरलेली होती, पण पाणी कोणी दिले नाही. पाण्यावाचून घास उतरेना. मुले तशीच आडवी झाली. दोघांनी झोपायचे, दोघांनी जागायचे. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

म्हणून पहिली सोय झाली ती वीस लिटरच्या पाण्याच्या कॅनची. आणि पहिला प्रवासही तोच ठरला. कडेगाव, कराड करत मसूर, तिथून खटाव तालुका आणि मायणीवरून परत विटा. मसूरचे स्टेशन पाहताना मुले एकमेकांना विचारत होती, "बैलगाडी कुठं उभी असंल?"

रात्री वाटेतल्या एका पेट्रोल पंपावर विचारून गाडी लावली. आत्यांनी मुद्दाम पाणी मागितले. पंपावरच्या पोराने नळ दाखवला. नाव, गाव, आडनाव काही विचारले नाही. पिठले-भाकरी खाऊन आम्ही निजलो. फळ्यांवर आडवी झालेली मुले म्हणाली, "आमच्यातले दोघे जागणार." अकरा वाजायच्या आत चौघेही घोरत होती.

ज्यांना जमेल त्यांनी मुलांना घेऊन हा रस्ता एकदा जरूर करावा. गाडी नसली तरी एसटी आहे. जाण्याआधी ती हकीकत मुलांना वाचून दाखवावी.

सकाळी निघताना कॅनमध्ये पाणी शिल्लक होते. तरी आत्यांनी तो नळाखाली धरून काठोकाठ भरून घेतला.