सिक्कीमच्या उतारावरील मका

ऑक्टोबरात पश्चिम सिक्कीममधून फिरताना घरोघरी वळचणीखाली मक्याच्या कणसांच्या माळा टांगलेल्या दिसतात. २०१६ च्या जानेवारीत हे राज्य पूर्णतः सेंद्रिय म्हणून जाहीर झाले. येथे रासायनिक खत नाही, तेव्हा अन्न आपोआप पौष्टिकच, असे आमच्याबरोबरच्या ज्येष्ठ मंडळींनी ठरवूनही टाकले होते. वैद्यकाच्या दृष्टीने एवढे पुरेसे नाही. शेणखतावर वाढला तरी मक्याच्या प्रथिनांत लायसिन व ट्रिप्टोफॅन कमीच असतात. त्यातले नायसिनही शरीराला सहज मिळत नाही. केवळ मक्यावर राहणाऱ्यांना पेलाग्रा होतो, तो यामुळेच.

ज्या घरी उतरलो, तेथे तीन स्थानिक वाणे होती. ‘सेती’ म्हणजे पांढरा, ‘पहेंली’ म्हणजे पिवळा आणि ‘मुरली’ म्हणजे बारीक दाण्यांचा, लाह्यांचा मका. मुरलीच्या एका ताटाला अनेक छोटी कणसे लागतात. पिवळ्यात डोळ्यांना उपयुक्त ल्युटिन व झिआझँथिन असतात. पांढऱ्यात ती जवळजवळ नसतात. निवड करायचीच तर मी पिवळा घेईन.

डोंगराळ भागासाठी अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी संशोधन संस्थेने ‘विवेक क्यूपीएम ९’ हे लवकर तयार होणारे संकरित वाण दिले आहे. मूळ वाणापेक्षा त्यात लायसिन सुमारे ३० टक्के व ट्रिप्टोफॅन ४१ टक्के अधिक आहे. अल्पाहारी वृद्धांसाठी ही जमेची बाजू. परंतु बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. शिवाय शेजारच्या साध्या मक्याचे पराग वाऱ्याने आले, की दाण्यातील हा गुण उतरतो. अरुंद पायऱ्यांच्या शेतांत पिके दूर ठेवणार कशी? घरचे बी राखणाऱ्या कुटुंबाला स्थानिक वाणच सोयीचे, असे मला वाटते.

प्रथिनांची उणीव तेथील स्वयंपाकघर भरून काढते. घरातील आजींना दात नव्हते. सून त्यांना मक्याच्या भरड्याचा मऊ भात, म्हणजे ‘च्याख्ला’, आणि आंबवलेल्या सोयाबीनचे ‘किनेमा’ वाढत असे. सोयाबीनमध्ये लायसिन भरपूर असते. आपल्याकडे मक्याच्या कण्या मुगाच्या डाळीसह मऊ शिजवाव्यात. मधुमेह असल्यास वाटी मोजूनच. दुकानातील पांढरे कॉर्नफ्लोअर मात्र निव्वळ पिष्ट आहे. त्याला मक्याचे पीठ समजू नये.

कणसे टांगण्यामागे हवा खेळती राहावी, हा हेतू असतो. दमट दाण्यावर बुरशी धरली, तर अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकते. ते यकृताला घातक असून शिजवल्याने पूर्णपणे जात नाही. काळपट, हिरवट वा कुबट वासाचा मका सेंद्रिय असला तरी फेकावा. मुरलीच्या लाह्या नातवंडांनी खाव्यात. गिळण्यास त्रास होणाऱ्या वृद्धांना त्या देऊ नयेत, घशात अडकतात. सूनबाईही त्या आजींच्या ताटात वाढत नसत.