बाबा, इथे कॅमेरा नाहीये!

आमचं मूळ गाव रामपायली. बालाघाट जिल्ह्यातलं, चंदन नदीच्या काठचं. कार्तिक पौर्णिमेला तिथे बालाजीच्या देवळाजवळ जत्रा भरते, आणि जमेल त्या वर्षी आम्ही पुण्याहून गाडी काढतोच. मागच्या खेपेला गाव जवळ आलं तशी रस्त्याच्या कडेने पायी चाललेली माणसं दिसू लागली. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. मी गाडी 30 वर आणली. मागच्या सीटवरून आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, इथे कॅमेरा नाहीये. पळव ना!"

बायको हसली. मला हसू आलं नाही, कारण हे त्याला मीच शिकवलं होतं.

बायकोचं माहेर ठाण्याचं, त्यामुळे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आमची नेहमी ये-जा असते. सपाट भागात कारला 100 ची मर्यादा, घाटात त्याहून कमी. कॅमेरा जवळ आला की फोनमधलं अ‍ॅप सांगायचं, मी ब्रेक दाबायचो, कॅमेऱ्याखालून सभ्यपणे जायचो आणि पुढे पुन्हा 120. 2024 मध्ये तिथे नवी यंत्रणा सुरू झाली. ती दोन कमानींमधलं अंतर आणि लागलेला वेळ यांवरून सरासरी वेगही काढते. म्हणजे साधा भागाकार. मी बी.ई., रोज कोड लिहितो, पण हा भागाकार मला 2000 रुपयांचं चलान आल्यावर कळला.

तेव्हा मीही सगळ्यांसारखाच चिडलो. "ही नुसती वसुली आहे," असं मित्रांना सांगत सुटलो. पाटी झाडाआड असते, मर्यादा मध्येच बदलते, चलान उशिरा येतं, या तक्रारी खोट्या नाहीत आणि त्या करायलाच हव्यात. पण माझ्या चलानाच्या वेळी पाटी स्वच्छ दिसत होती. मीच ती पाहिली नव्हती, असंही नाही.

नंतर एकदा हिशोब केला. रस्ता 94.5 किलोमीटरचा. 100 ने गेलं तर 57 मिनिटं, 120 ने 47. वाचली दहा मिनिटं, आणि ती पुढच्या सिग्नललाच जातात. उलट धडक बसली तर तिच्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे 1.44 पट.

त्या संध्याकाळी ओसरीवर मी मुलाचं वाक्य काकांना गंमत म्हणून सांगितलं. काका हसले नाहीत. म्हणाले, "काहून रे, कॅमेरा नसंल तं माणूस दिसत नाही का?" आणि काठीचा आधार घेत उठले. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर एक मोटरसायकल त्यांना उडवून थांबलीसुद्धा नव्हती. तेव्हापासून ती काठी आहे. मला हे ठाऊक होतं. माझ्या 120 शी त्याचा काही संबंध असेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

परत येताना मी अ‍ॅपची कॅमेऱ्याची सूचना बंद केली आणि मुलाला काटा वाचायचं काम दिलं. नागपूरच्या अलीकडे तो ओरडला, "बाबा, पाटीवर 80 आहे, तू 92 वर आहेस!" आसपास कॅमेरा होता की नाही, कोण जाणे. मी पाय काढला.