भावोजींची वाट

नारिवली, ता. मुरबाड

चि. राहुल यास,


निवेदन सोडून मालिकांच्या निर्मितीत उतरायचं तुझ्या मनात आहे. माझं मत विचारलंस, म्हणून लिहिते.

या वाटेने गेलेला माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, आदेश बांदेकर. २००४ साली झी मराठीवर 'होम मिनिस्टर' सुरू झालं आणि महाराष्ट्रभरच्या वहिनींना भावोजी मिळाले. खेळात पैठणी जिंकणारीचं कौतुक व्हायचंच. पण लग्न कसं जमलं, नवरा रुसला तर काय करतो, हे ते विचारायचे आणि तिला बोलू द्यायचे. कॅमेऱ्यापुढे बिचकलेली बाई दोन मिनिटांत खुलायची. मला त्यांचं खरं कसब तिथे दिसतं.

पत्नी सुचित्राताईंसोबत त्यांची 'सोहम प्रॉडक्शन' ही संस्था आहे. 'लक्ष्य' ही मालिका तिचीच. डिसेंबर २०२२मध्ये स्टार प्रवाहवर आलेली 'ठरलं तर मग'ही तिचीच. टीआरपीत ही मालिका किती काळ पहिली राहिली, ते तू जाणतोसच. आणि हे ध्यानात घे, निर्मिती सुरू झाली तरी भावोजींनी माइक खाली ठेवला नव्हता. तूही एवढ्यात ठेवू नकोस.

निवेदकाचा कार्यक्रम संपला की तो मोकळा. निर्मात्याला रोज एपिसोड द्यावा लागतो. चॅनेलचे पैसे मागाहून येतात, सेटचं भाडं आणि जेवणाचा खर्च आजच असतो. या धंद्यात कलाकारांना मानधनासाठी बहुधा तीन महिने थांबावं लागतं. घोडबंदरच्या सेटवरचा स्पॉटदादा, लाइटवाला, मेकअपदादा यांची घरं तुझ्या सहीवर चालणार. त्यांचे पैसे कधी अडकवू नकोस.

आता मनातलं. आमच्या बचत गटातल्या बायका रात्री मालिका बघतात. परवा नायिका भरजरी साडीत चकचकीत ओट्याशी उभी होती, तर एकीने विचारलं, "ह्यांच्याकडं पाणी कोण भरतं गं?" मार्चनंतर हंडा घेऊन फिरणारीच असं विचारणार. 'होम मिनिस्टर'मध्ये घर खरं होतं, बाईही खरी होती. मालिकेच्या सेटवर दोन्ही हरवतात.

खऱ्या गोष्टी आमच्याकडे आहेत. २ जानेवारी १९४३ला स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील आमच्या इथल्या सिद्धगडावर हुतात्मा झाले. भाईंवर सिनेमा निघाला, फार बरं झालं. पण याच गडाच्या पायथ्याशी आज राबणाऱ्या बाईवरची मालिका मी अजून पाहिलेली नाही. ती तू कर. लेखकाला घेऊन इकडे ये, चार दिवस राहा, बायकांना विचार आणि बोलू दे. निवेदक म्हणून तू हेच शिकलास. निर्माता झाल्यावर त्याचीच जास्त गरज लागेल.

तुझी,
आत्या