खाली कोण होते?

तासभर आकाशाकडे तोंड करून उभे राहिले की मान अवघडते, हे ज्ञान मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी हॉलंडात झाले. मुलगी आणि जावई तिकडे आइंडहोवेनला नोकरीस आहेत. २०१९ च्या सप्टेंबरात मी त्यांच्याकडे होतो. आर्नेमच्या लढाईला त्या महिन्यात पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती. त्यानिमित्त एडे गावाजवळच्या गिंकेलच्या माळावर सैनिक विमानांतून उड्या घेणार होते. जावई म्हणाले, "बाबा, येणार का बघायला?" ते चपला शोधत होते तोवर मी मोटारीत जाऊन बसलोसुद्धा.

या उत्साहाला एक जुने कारण आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या लहानपणी एक छत्रीधारी शिपाई होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. मराठा लाइट इन्फंट्रीतून निघालेल्या दुसऱ्या पॅरा पलटणीत ते होते. ११ डिसेंबर १९७१ रोजी ही पलटण टांगाईलजवळ आकाशातून उतरली आणि पुंगलीचा पूल तिने काबीज केला. मी तेव्हा दहा वर्षांचा. आबा रजेवर आले की आम्ही पोरे त्यांच्या ओट्यावर ठाण मांडत असू. विमानाचे दार कसे उघडते, वारा थोबाडात कसा मारतो, छत्री उघडली की पोटातला गोळा कसा जागेवर येतो, हे सारे आम्हाला तोंडपाठ झाले होते. एकदा मी विचारले, "आबा, खाली कोण होतं?"

तंबाखू मळता मळता आबा थांबले. "खाली? माणसंच होती की. मागं हटत आल्याली, दमल्याली. आमी पुलावर हाय, त्ये त्यास्नी ठावंच नव्हतं." एवढे बोलून त्यांनी चिमूट तोंडात टाकली आणि दुसरीच गोष्ट काढली.

तो प्रश्न असा अर्धाच राहिला. गिंकेलच्या माळावर पहिली छत्री उघडली, टाळ्या पडल्या, आणि मला तो एकदम आठवला. आतापर्यंत मी प्रत्येक गोष्टीत विमानातून खाली पाहिले होते. आज प्रथमच खाली उभा राहून वर पाहत होतो. आणि १९४४ साली याच जागी जे उभे होते, त्यांच्या हातात खाण्याचा डबा नव्हता.

ते कोण होते, हे मी मागाहून वाचून काढले, आणि चकित झालो. १८ सप्टेंबरला या माळाच्या कडेला जर्मन गणवेशात जी पहारेकरी बटालियन होती, तिच्यात पुष्कळसे डचच होते! आमर्सफोर्टच्या कैदी छावणीवर पहारा करणे हे त्यांचे नेहमीचे काम. नि:शस्त्र कैद्यांवर बंदूक रोखण्याची सवय असलेल्या या लोकांच्या डोक्यावर भर दुपारी ब्रिटिशांची एक अख्खी ब्रिगेड उतरली. त्यांची दाणादाण उडाली, यात नवल ते काय?

परंतु इतर ठिकाणी असे झाले नाही, आणि खरी कथा तिथेच आहे.

माँटगोमेरीची योजना थोडक्यात अशी होती. हॉलंडमधल्या नद्या-कालव्यांवरचे पूल छत्रीधारी सैन्याने एकदम धरायचे. रणगाड्यांनी एकाच रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर दौडत जाऊन त्यांना मिळायचे. शेवटचा आर्नेमचा पूल ओलांडला की ऱ्हाईन मागे पडली आणि जर्मनीचे दार उघडले. १७ सप्टेंबर १९४४, रविवार, हा दिवस ठरला.

खाली मात्र हा नकाशा कोणाकडेच नव्हता. त्यामुळे प्रत्येकाने आभाळाचा अर्थ आपापल्या परीने लावला. फील्डमार्शल मोडेल ओस्टरबेकच्या एका हॉटेलात मुक्कामाला होता. जेवणाच्या वेळेला तीन-चार किलोमीटरवर छत्र्या उतरू लागल्या. त्याला वाटले, हे सारे आपल्यालाच धरायला आले! तो जो निघाला, तो थेट बिट्रिशच्या छावणीत जाऊन पोहोचला. घाईत त्याची पेटी उघडून कपडे रस्त्यावर सांडले, असे सांगतात. वास्तविक वर बसलेल्यांपैकी कोणाला त्याचा पत्ताही ठाऊक नव्हता.

फ्युख्ट गावी जनरल स्टूडेंट आपल्या सज्जात उभा राहून ही विमानांची रांग पाहत होता. त्याला भीती वाटली नाही. त्याला हेवा वाटला. १० मे १९४० रोजी याच हॉलंडवर छत्रीधारी उतरवणारा हाच तो स्टूडेंट. पुढे १९४१ साली क्रीट बेट त्याने आकाशातून जिंकले, पण इतकी माणसे पडली की हिटलरने तसले मोठे धाडस पुन्हा करू दिले नाही. आपल्याजवळ एवढी विमाने असती तर, असे उद्गार त्याने त्या दिवशी काढले. शेजारच्या गावात आग लागली असता एखाद्या आचाऱ्याने ज्वाळा पाहून चुलीची आठवण काढावी, तसलाच हा प्रकार!

साध्या शिपायाला हेवा करण्याची चैन नव्हती. आर्नेमच्या आसपास दोन एस्‌एस् चिलखती डिव्हिजन विश्रांतीला होत्या. डिव्हिजन म्हणायच्या एवढेच. फालेजच्या वेढ्यातून निसटून, फ्रान्स आणि बेल्जियम तुडवत त्या इथवर आल्या होत्या. दोहोंत मिळून सहा-सात हजार माणसे उरली असतील. त्यांतल्या नवव्या डिव्हिजनला तर जर्मनीत परत जाण्याचा हुकूम होता. जाण्यापूर्वी आपल्या गाड्या दहाव्या डिव्हिजनच्या हवाली करा, असेही त्यात होते. इथे नवव्याचा प्रमुख हार्झर याने आपल्याकडच्या कोणाही भांडारप्रमुखाला शोभेल अशी युक्ती केली. काही गाड्यांचे पट्टे आणि तोफा काढून ठेवल्या आणि कागदावर त्या नादुरुस्त दाखवल्या! रविवारी दुपारी धावपळ करून तेच पट्टे पुन्हा चढवण्यात आले.

आणखी एक होता क्राफ्ट. वोल्फहेझच्या झाडीत त्याची शिकाऊ बटालियन होती. सुमारे चारशे माणसे, पुष्कळशी कोवळी पोरे. समोर हजारो सैनिक उतरत आहेत. अशा वेळी मागे हटला असता तरी त्याला कोणी दोष दिला नसता. त्याने फक्त एक विचार केला: हे लोक चालले कुठे? पुलाकडेच असणार. मग उतरण्याची जागा आणि गाव यांच्यामध्ये त्याने आपली पोरे पसरली. उतरण्याची जागा पुलापासून दहा-बारा किलोमीटर दूर होती, हे त्याच्या पथ्यावर पडले. रात्र पडेपर्यंत त्याने ब्रिटिशांच्या दोन वाटा अडवून धरल्या. तिसरी वाट नदीकाठची. तिच्यावरून फ्रॉस्टची तुकडी निसटली आणि तिने पुलाचे उत्तरेकडचे टोक धरले.

गावचा कमांडंट कुसिन हा क्राफ्टला भेटून परत निघाला. या रस्त्याने जाऊ नका, असे सांगितलेले त्याने मानले नाही. वाटेत गोळ्यांनी त्याच्या मोटारीची चाळण झाली. ग्रेबनर नावाच्या कप्तानाला त्याच रविवारी शौर्याचे मोठे पदक गळ्यात घालण्यात आले होते. संध्याकाळी तो टेहळणीसाठी पूल ओलांडून नेइमेगेनला गेला. परतला सोमवारी सकाळी. तेवढ्यात पूल दुसऱ्याच्या हाती गेला होता. गाड्या भरधाव सोडून त्याने तो ओलांडायचा प्रयत्न केला. डझनभर गाड्या पुलावरच जळाल्या आणि तोही गेला. पदक मिळून पुरता एक दिवसही झाला नव्हता.

पुढचे दिवस जर्मनांनी हाताला लागेल तो माणूस उभा केला. खलाशी, विमानतळावरचे कामगार, शिकाऊ पोरे. जो अधिकारी भेटेल तो त्यांचा नायक. शेवटी २१ तारखेला सकाळी पूल पडला. उरलेले ब्रिटिश ओस्टरबेकमध्ये कोंडले गेले. जर्मन शिपाई त्या जागेला चेटकिणीची कढई म्हणत. विमाने ब्रिटिशांसाठी जे अन्न टाकीत, ते बहुतेक जर्मनांच्या हद्दीत पडे. ब्रिटिश उपाशी, आणि त्यांचे चॉकलेट खाऊन जर्मन ताजेतवाने! तरी २४ तारखेला ब्रिटिश डॉक्टराच्या विनंतीवरून बिट्रिशने गोळीबार थांबवला आणि शेकडो जखमींना जर्मन गाड्यांतून इस्पितळात नेऊ दिले. दुसऱ्या रात्री सुमारे २,४०० लोक नदी ओलांडून परतले. उतरले होते दहा हजारांवर.

हे सारे वाचता वाचता एक विचित्र गोष्ट घडली. मी क्राफ्टच्या बाजूचा होऊन गेलो! थोडी माणसे, अचानक आलेले संकट, प्रसंगावधान. आपल्याला लहानपणापासून अशाच गोष्टींची गोडी. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी ही सारी कथा रंगवून सांगितली. शेजारच्या वृद्ध बाई जेवायला आल्या होत्या. नातवंडे त्यांना ओमा म्हणतात, म्हणजे आजी. मुलगी माझे बोलणे त्यांना डचमध्ये सांगत होती. हार्झरच्या युक्तीला त्या हसल्या नाहीत. सगळे ऐकून झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "हो. ते चांगले सैनिक होते. म्हणून त्या हिवाळ्यात आम्ही ट्यूलिपचे कंद खाल्ले."

त्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या, आम्स्टरडॅममध्ये. सैन्य उतरले त्याच दिवशी डच रेल्वेकामगारांनी संप पुकारला. मित्रसैन्य येणार याच भरवशावर. ते ऱ्हाईनवर अडले. संपाचा सूड म्हणून जर्मनांनी अन्नाची वाहतूक तोडली आणि त्या हिवाळ्यात सुमारे वीस हजार माणसे भुकेने मेली. आर्नेमच्या लाखभर लोकांना घरे सोडून जायला लावले आणि मागे ती घरे धुऊन नेली. सैन्य उतरण्याच्या अवघे चौदा दिवस आधी, ३ सप्टेंबरला, वेस्टरबोर्कच्या छावणीतून ॲन फ्रँकला घेऊन गाडी औश्वित्झकडे गेली होती. क्राफ्टच्या कोवळ्या पोरांनी त्या झाडीत जे राखले, ते हे राज्य होते. त्यांना स्वतःला ते कळत असो वा नसो.

मी पानात खाली पाहत बसलो. माझी चूक कुठे झाली होती? भ्यालेल्या माणसाबद्दल कळवळा वाटणे ही काही चूक नव्हे. जर्मन अहवालातच त्यांचे मृत आणि जखमी मिळून सुमारे ३,३०० भरतात. तेही कोणाचे तरी मुलगेच. पण त्यांच्या हुशारीवर मी खूश झालो तेव्हा ती हुशारी कशाच्या कामी लागली, हे विचारायला विसरलो होतो.

रात्री मी गावी आबांना फोन लावला. ते सुभेदार होऊन निवृत्त झाले त्यालाही पुष्कळ वर्षे झाली. गिंकेलच्या उड्यांचे वर्णन त्यांनी चवीने ऐकून घेतले. छत्र्या कसल्या, उंची किती, सारे विचारले. मग मी लढाईची हकीकत सांगितली. ते जरा वेळ गप्प राहिले.

"आमास्नी त्याच सांजंला पहिली मराठा येऊन मिळाली," ते म्हणाले. "म्हणून मी तुझ्याशी बोलतुया. आन् त्या गावची माणसं रं?"

"कुठली माणसं, आबा?"

"आमी उतरलो तवा टांगाईलची माणसं रानातनं पळत आली. आमचं सामान डोईवर घेतलं त्यांनी. तिकडं आली न्हवती काय?"

आली होती. फुले, फळे, दूध घेऊन आर्नेमचे लोक रविवारी दुपारी रस्त्यावर आले होते. मी तसे सांगितले.

"मग आमी न मिळतो तर त्यांचं काय झालं असतं?" आबांनी विचारले.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी ओट्यावर मी विचारलेला प्रश्न आबा आता मला परत करत होते. खाली कोण होते, याचे उत्तर शेजारच्या घरात दिवा मालवून झोपले होते. मी आबांना ओमांची गोष्ट सांगू लागलो.